सुझानाला दिलेली गाणी

सुझानाला पुरून चार महिने झाले, तरी टीव्हीवरची काळी चादर निघाली नव्हती. रेडिओ पिठाच्या कोठीवर उलटा ठेवलेला होता. फाटकावरची काळी फीत उन्हानं विटून मातकट झाली होती, पण तिला कोणी हात लावत नव्हतं. वर्ष होईपर्यंत या घरात गाणं वाजणार नाही, हे तिमोक नदीच्या काठच्या त्या गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं. शेजारच्या घरात लग्न निघालं असतं, तर त्यांनी वाजंत्री आधी दुसऱ्या गल्लीनं वळवली असती.

यास्ना ही सुझानाची धाकटी बहीण. तांब्याच्या खाणीच्या प्रयोगशाळेत ती खनिजाच्या दगडाची भुकटी सुकवून, चाळून, चार दशांश स्थळांपर्यंत वजन करायची. सकाळची पाळी संपवून तीन वाजता घरी पोचली की तिच्या पायांत बळ उरायचं नाही. जूनमधल्या अशाच एका दुपारी ती सरळ झोपायला निघाली होती, पण अंगणापलीकडच्या आलुबुखार सुकवायच्या खोलीतून तिला कुजबुजल्यासारखा आवाज आला.

आत तिची नऊ वर्षांची भाची लेंका रिकाम्या जाळ्यांवर बसली होती. कानात पांढऱ्या तारा, हातात आईचा जुना फोन. डोळे मिटून ती गात होती. बाहेर फक्त तिचा स्वर येत होता, गाणं तिच्या कानातच होतं.

यास्ना दाराशी थांबली. हे गाणं तिला माहीत होतं, आणि लेंका ते असं का गाते हेही. सुझाना व्हिएन्नातल्या एका हॉटेलात चादरींना इस्त्री करायची आणि लेंका तिसऱ्या वर्षापासून आजीकडे होती. लेंकाच्या बापानं तिकडंच दुसरा संसार थाटला होता. रोज संध्याकाळी सात वाजता सुझानाचा फोन यायचा. बोलायला दोघींकडे फारसं काही नसायचं. शाळेत काय झालं, काही नाही. जेवलीस का, हो. मग सुझानानं बत्तीस गाण्यांची एक यादी केली. सगळी त्या-त्या वर्षी गाजलेली, लग्नात आणि पेट्रोल पंपावर वाजणारी. तिनं ती दोन्ही फोनवर घातली. एक, दोन, तीन म्हणून दोघी एकाच वेळी एकच गाणं लावायच्या आणि दोन्ही टोकांना गायच्या. पण व्हिएन्नाहून आवाज यायला जवळपास अर्धा सेकंद लागायचा, जायलाही तेवढाच. त्यामुळं दोघींचं कधी जुळायचं नाही. एक दिवस लेंकानं आपणहून उपाय शोधला. ती प्रत्येक ओळ अर्धा सेकंद आधी सुरू करायची, म्हणजे तिचा आवाज आईला नेमका वेळेवर पोचे. तिला स्वतःला मात्र सगळंच विस्कटलेलं ऐकू यायचं. "आईला बरोबर येतं ना, मग झालं," असं ती म्हणायची.

आणि आताही, जाळ्यांवर बसून, ती अर्धा सेकंद आधीच गात होती; पाय गाण्याच्या ठेक्यावर हलत होता आणि ओळ त्याच्या आधी येत होती.

यास्नानं आईला काही सांगितलं नाही. तिनं एवढं पाहिलं होतं की ज्या दिवशी पोर त्या खोलीत जाऊन येते, त्या दिवशी ती रात्रीचं जेवते, गणितं करते, भांडतेसुद्धा. ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून असते. कारण काय ते यास्नाला सांगता आलं नसतं, पण दोन गोष्टी एकत्र घडतात हे तिला दिसत होतं.

दहा-बारा दिवसांनी पेर्सिदानं पोरीला पकडलं.

पेर्सिदा, सुझानाची आणि यास्नाची आई, चौसष्ट वर्षांची होती. फेब्रुवारीत व्हिएन्नाहून शवपेटी आली तेव्हापासून ती काळ्या कपड्यांत होती आणि काम सोडून बसली नव्हती. बसली की झोप लागायची आणि झोपेत सुझाना यायची, म्हणून ती बसायचीच नाही. ती जाळ्या धुवायला खोलीत गेली, तर नात समोर.

"घरात गाणं?" ती म्हणाली.

"कानातच आहे," लेंका म्हणाली. "कोणाला ऐकू येत नाही."

"तुला येतंय की."

"मला तर यायलाच पाहिजे ना."

"उलट बोलू नको. तुझी आई तिथं मुकी बसलीय, आणि तू इथं मजेत."

लेंकानं तारा काढल्या. "मुकी का?"

पेर्सिदानं हातातली जाळी खाली ठेवली. ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. पोर एकदा समजली की पुन्हा सांगायला नको, एवढाच तिचा हिशोब होता. "हे बघ. तिथं त्यांना आपलं आपण काही मिळत नाही. आपण इथं ज्याच्या त्याच्या हातात द्यायचं, तिचं नाव घेऊन. चाळिसाव्या दिवशीच्या पोमानेला, तिच्या नावच्या जेवणात, दिलं ना आपण? ताट दिलं, पाणी दिलं, खुर्ची दिली, उजेड दिला. दिलं ते पोचलं. गाणं वर्षाच्या पोमानेला देतात. तोवर तिच्याकडे गाणं नाही."

"एकपण नाही?"

"एकपण नाही."

"मी म्हटलेलं पण नाही पोचलं? इतके दिवस?"

"दिल्याशिवाय कसं पोचेल?"

लेंकानं तारा नीट गुंडाळल्या, फोन बंद केला आणि आजीच्या हातात दिला. "ठेव," म्हणाली. पेर्सिदाला हायसं वाटलं. संध्याकाळी तिनं यास्नाला सांगितलंही, "पोर शहाणी आहे गं. एकदाच सांगितलं."

चूक झाली ती अशी, आणि ती अगदी त्या गावातच व्हावी अशी होती. पेर्सिदा खोटं काही बोलली नव्हती. लहानपणी तिला तिच्या आईनं जे सांगितलं होतं, तेच तिनं नातीला सांगितलं. फक्त लेंकानं ते शब्दशः आणि शेवटापर्यंत धरलं.

आधी गाणं गेलं. मग जेवण. न्याहारीच्या पावावर हात ठेवून लेंका म्हणायची, "हा आईला," आणि तो पाव उचलून कुंपणापलीकडे दानिएलाकडे नेऊन द्यायची. दानिएला सुझानाची वर्गमैत्रीण, तिच्याच वयाची. म्हणून चाळिसाव्या दिवशी सुझानाची ताटं तिच्याच हातात दिली होती. देणाऱ्यानं नाव घ्यायचं आणि घेणाऱ्यानं "बोदाप्रोस्ते" म्हणायचं, देव तिला क्षमा करो, की वस्तू पोचली. दानिएलाही आधी कौतुकानं म्हणायची, "बोदाप्रोस्ते, बाळा." पुढं दिवसातून तीनदा व्हायला लागलं. पाव, उकडलेलं अंडं, अर्धं पीच.

"अगं यास्ना, ही पोर मला जाड करणार," दानिएला कुंपणावरून म्हणाली. मग आवाज उतरवून, "तिनं स्वतः काय खाल्लं सकाळपासून?"

"मला काय माहीत. मी कामावर होते."

"मी सांगते. काही नाही. मी म्हटलं, अर्धं तू खा. तर म्हणते, जेवढं मी खाल्लं तेवढं तिकडं कमी पडतं."

यास्नानं त्या रात्री लेंकाला न्हाणीघरातल्या काट्यावर उभी केली. मेमध्ये शाळेच्या तपासणीत सत्तावीस किलो चारशे भरली होती. आता चोवीस नऊशे. तिनं काटा सरकवला, पोरीला उतरवून पुन्हा चढवली. चोवीस नऊशेच.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं, काही सापडलं नाही. "काही आवडतं का तिला? ते करू द्या," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला आत घेतलं.

"तिला गाणी आवडतात," परतीच्या बसमध्ये यास्ना आईला म्हणाली.

"सगळ्यांनाच आवडतात."

"आई, फोन दे तिला परत."

"मी कुठं धरून ठेवलाय? कपाटात आहे. किल्लीसुद्धा नाही त्याला." पेर्सिदानं डोकं काचेला टेकलं. "मी काल स्वतः नेऊन दिला. ती म्हणाली, आईला ऐकू येत नाही तर मी का ऐकू. आता मी काय करू ते तूच सांग. माझी मुलगी गेलीय. मी जेवले का, हे कोणी विचारलं?"

यास्नानं विचारलं नव्हतं. तिनं आईचा हात हातात घेतला, पण तोवर पेर्सिदाला झोप लागली होती. उतरायचा थांबा आला तेव्हा तिला हलवून उठवावं लागलं.

ऑगस्ट लागला. व्हिएन्नाला कामाला गेलेली मंडळी गाड्या भरभरून गावी आली आणि दर शनिवारी लग्नं सुरू झाली. वाजंत्रीचे भोंगे नदीपलीकडून ऐकू यायचे. पेर्सिदा खिडक्या लावून घ्यायची आणि सगळे आत उकडत बसायचे. लेंका कानांवर हात ठेवायची. कोणी सांगितलं म्हणून नाही, आपणहूनच.

दहा तारखेला सुझानाची सहा महिन्यांची पोमाना होती. त्याच्या आदल्या रविवारी यास्ना त्राइलोकडे गेली. गावातल्या सगळ्या लग्नांत आणि सगळ्या पोमानांत अकॉर्डियन वाजवणारा हा म्हातारा. वर्षाच्या शेवटी मेलेल्यासाठीचा नाच तोच वाजवायचा.

"त्राइलोकाका, गाणं वर्षाच्या आधी देता येतं का?"

"येत नाही."

"का?"

"का म्हणजे? गाव मला बडवेल म्हणून." तो द्राक्षाच्या मांडवाखाली बसून पट्टा शिवत होता. "कोणतं गाणं?"

यास्नानं आपल्या फोनवर लावलं. त्यानं अर्धा मिनिट कान लावला आणि चेहरा पाडला.

"यात चारच सूर आहेत. त्यातले दोन तेच तेच."

"सुझानाला आवडायचं."

"सुझाना चांगली मुलगी होती, तिच्या आवडीचं काय ते देव बघेल." त्यानं दोरा दातानं तोडला. "हे मी वाजवणार नाही. आधी नाही आणि नंतरही नाही, मला लाज वाटेल. पण मी वाजवलं तर तो नाच होतो, त्याला वर्ष लागतं. डब्यातून वाजलं तर ते काय होतं, मला माहीत नाही. माझ्या वेळी डबे नव्हते. मला विचारून करू नकोस म्हणजे झालं."

"म्हणजे करू?"

"मी काय म्हणालो?"

"विचारून करू नको."

"मग विचारतेस कशाला?"

यास्नानं घरी येऊन आईला हे सांगितलं. पेर्सिदा कोबीची पानं उकळत होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोक येणारेत चाळीस. माझी शोभा करू नको." यास्नानं चाळणी घेतली आणि पानं निथळायला लागली. वाद घालायला तिच्यात त्राण नव्हतं, आणि तिला आईचंही खरं वाटत होतं.

शनिवारी सकाळी अकराला अंगणात लांब टेबलं लागली. कोबीच्या पानांत सारण गुंडाळलेल्या सरमा, चीज, पाव, मधाळ गहू, प्रत्येक ताटात पेटलेली मेणबत्ती. सुझानाच्या जागी दानिएला बसली. पेर्सिदा एकेक वस्तू तिच्या हातात देत गेली, मोठ्यानं नाव घेऊन. हा टॉवेल, सुझाना, तुला. हे बूट, सुझाना, तुला. ही छत्री. हा कंगवा. दर खेपेला दानिएला "बोदाप्रोस्ते" म्हणे आणि वस्तू मांडीवर ठेवी. शेवटी तिच्या मांडीवर जागा उरली नाही.

"संपलं," पेर्सिदा म्हणाली. "आता जेवा सगळ्यांनी."

"आणि गाणं?" लेंकानं विचारलं.

ती टेबलाच्या टोकाशी उभी होती. तिच्या काळ्या फ्रॉकचा पट्टा यास्नानं सकाळीच दोन भोकं आत घेतला होता. चमचे थांबले.

"ते फेब्रुवारीत, राजा," एक म्हातारी बाई म्हणाली. "वर्ष झाल्यावर."

"नऊ फेब्रुवारीला?"

"हो."

लेंकानं ओठ हलवत मोजलं. "म्हणजे अजून एकशे त्र्याऐंशी दिवस." तिनं आपल्यासमोरचं ताट उचललं आणि दानिएलापुढं ठेवलं. "मग हेपण आईला. मला नको."

दानिएलानं ताट घेतलं नाही. तिला रडू यायला लागलं होतं, आणि "बोदाप्रोस्ते" म्हटलं तर पोर आजही उपाशी राहणार हे तिला कळत होतं. ती नुसती यास्नाकडे बघत राहिली.

"घ्या ना, काकू," लेंका म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता. एखादं काम उरकायचं आहे असा होता.

यास्ना उठणार, एवढ्यात पेर्सिदा टेबलाला धरून उठली. तिनं एप्रनला हात पुसले, आधी उजवा, मग डावा. मग घरात गेली. लोकांना वाटलं, अजून एखादी वस्तू राहिली असेल. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सुझानाचा फोन होता.

"पेर्सिदा," मघाची म्हातारी म्हणाली, "वर्ष नाही झालं गं."

"मला मोजता येतं."

"लोक काय म्हणतील?"

"लोक इथंच बसलेत. म्हणू दे, ऐकू येईल मला." पेर्सिदा खुर्चीत बसली. तिचे गुडघे कुरकुरले. "मुलगी माझी मेलीय. तिच्या कानात काय घालायचं आणि कधी, ते मी बघेन. पाप लागलं तर मला लागेल. लेंका, हे चालू कसं करतात?"

लेंका आली. तिनं फोन चालू केला, यादी उघडली. तिचं बोट पहिल्या गाण्यावर येऊन थांबलं.

"वाजव."

"आधी द्यायला पाहिजे," लेंका म्हणाली. "नाहीतर फुकट जाईल."

"बरोबर." पेर्सिदानं मेणबत्ती हातात घेतली आणि दानिएलाकडे वळली. "हे गाणं... याचं नाव काय?"

लेंकानं नाव सांगितलं.

"हे असलं नाव असतं?"

"असतं, आजी."

पेर्सिदानं ते नाव जमेल तसं उच्चारलं. "हे गाणं, सुझाना, तुला."

"बोदाप्रोस्ते," दानिएला म्हणाली.

गाणं सुरू झालं. तीन मिनिटं अकरा सेकंदांचं, ठेक्याला थाळ्या हलतील असं. अंगणातली सगळी माणसं ताटांकडे बघत बसली होती. कोणी उठून गेलं नाही. मागच्या बाजूला बसलेल्या त्राइलोनं डोळे मिटून घेतले होते, दात दुखत असल्यासारखे. लेंका फोन दोन्ही हातांत धरून उभी होती. दुसऱ्या कडव्यापासून ती गायला लागली.

"काय म्हणते ती बाई?" मध्येच पेर्सिदानं विचारलं.

"तो तिला सोडून जातो. ती म्हणते, जा, मला काय फरक पडतो. मग ती नाचायला जाते."

"बरं," पेर्सिदा म्हणाली. तिच्या बोटांवर मेण ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. "आणि हे आवडायचं तिला."

"खूप."

"मला कधी बोलली नाही."

गाणं संपलं. कोणीतरी घसा खाकरला. पेर्सिदा मेणबत्ती खाली ठेवायला गेली.

"आजी, अजून एकतीस आहेत."

"काय एकतीस?"

"गाणी. हे एकच पोचलं. बाकीची पण तिचीच आहेत."

टेबलाभोवती एक सुस्कारा फिरला. यास्नानं मनात बेरीज केली, पावणेदोन तासांच्या आसपास. सरमा गार होत होत्या आणि तिला अडीचची बस धरून दुपारच्या पाळीला जायचं होतं. "उरलेली उद्या देऊ, लेंका," ती म्हणाली. "आजी दमलीय."

लेंकानं आजीकडे नीट निरखून पाहिलं. बऱ्याच आठवड्यांत तिनं कोणाकडे असं बघितलं नव्हतं. "दमलीस?"

"नाही," पेर्सिदा म्हणाली. "लाव." आणि मग बाकीच्यांना, "तुम्ही जेवा. तुम्हाला कोणी धरलं नाही."

लोक जेवायला लागले, आधी हळू, मग नेहमीसारखे. दुसरं गाणं दिलं गेलं, मग तिसरं. दर खेपेला पेर्सिदा नाव विचारायची. काही नावं तिला जमायचीच नाहीत. तेव्हा ती म्हणायची, "हे उन्हाळ्याचं," किंवा "हे त्या बडबड्या मुलाचं," आणि लेंका मान डोलावायची की चालेल. चौथ्याला त्राइलोनं नकळत टेबलावर बोटं वाजवली आणि शेजारच्याचं लक्ष जाताच हात मांडीवर घेतला. पाचव्याच्या वेळी यास्नानं दानिएलापुढचं ताट उचलून काही न बोलता लेंकाच्या कोपराजवळ सरकवलं.

"सहावं कोणतं?" पेर्सिदानं विचारलं.

पेर्सिदानं मान वर केली. लेंकाच्या तोंडात सरमा होती आणि ती बोट वर करून थांब म्हणत होती.

पेर्सिदा थांबली. मेणबत्ती या हातातून त्या हातात घेतली, आणि पोरीचा घास संपेपर्यंत थांबून राहिली.